भरून उतरायचं, रिकामं चढायचं

पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचे लिलाव आटोपले की संध्याकाळपासून आयशर आणि पिकअप मुंबईची वाट धरतात. दिंडोरी, गिरणारे, निफाडचा माल रात्रीतून वाशीला पोचतो. परतीचं भाडं मिळालं तर ठीक, नाहीतर गाडी सकाळी रिकामीच नाशिकला येते. म्हणजे माल भरलेली गाडी कसारा घाट उतरते आणि रिकामी चढते. डिझेलऐवजी गाड्या कशावर चालवायच्या या चर्चेत या साध्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या मते नाशिकपुरतं तरी तिथूनच सुरुवात करायला हवी.

इगतपुरी समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर, कसारा त्याच्या निम्म्या उंचीवर. मालासकट 16 टनांचा ट्रक हे 300 मीटर उतरतो तेव्हा सुमारे 4 कोटी 70 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. वीजबिलाच्या भाषेत 13 युनिट. त्यातली तीनचार युनिटं टायरच्या घर्षणात आणि हवेच्या विरोधात जातात. उरलेली नऊएक युनिटं कुठेतरी जिरवावीच लागतात, नाहीतर गाडी सुटेल. डिझेलच्या ट्रकमध्ये ती इंजिन ब्रेकमध्ये, म्हणजे गिअरमधल्या इंजिनाच्या अडवणुकीत, आणि ब्रेकच्या लायनरमध्ये जिरतात. ही उष्णता शंभर लीटर पाणी उकळायला पुरेल. लायनर फार तापले की त्यांची पकड सुटते, आणि घाटातल्या ‘ब्रेक फेल’मागे बऱ्याचदा हेच असतं. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणारे तर दुहेरी घाट्यात असतात: इंजिनाचा आधार गेला आणि डिझेलही वाचलं नाही. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंधन आपोआप बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं.

आता पर्यायी इंधनांकडे पाहू. सीएनजीवर धूर आणि काजळी बरीच कमी; नाशिकच्या सिटीलिंक बससेवेच्या बहुतेक बस आणि शहरातल्या रिक्षा त्यावर धावतात, ते चांगलंच आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं आहे. इथेनॉलमध्ये लीटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोनतृतीयांशच, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटतं. ते मक्यापासूनही बनतं, म्हणून येवला-मालेगावच्या मक्याला गिऱ्हाईक वाढलं आणि कोंबड्यांचं खाद्य महागल्याची कुरकुरही. शेणापासून, भाजीच्या कचऱ्यापासून बायोगॅस दाबून सीएनजीसारखा भरता येतो. पण यातलं कुठलंही इंधन, कितीही स्वच्छ असलं तरी, एकाच दिशेने जातं. घाट उतरताना टाकीत एक थेंबही परत येत नाही.

विजेची मोटर उलटी चालते. चाकांनी तिला फिरवलं की ती जनित्र होते, गाडीला मागे ओढते आणि वीज बॅटरीत भरते. नऊ युनिटांपैकी सहाएक युनिटं हाती लागतात. माल उतरवून साडेआठ टनांचा झालेला तोच ट्रक घाट चढेल तेव्हा घर्षण आणि मोटरमधलं नुकसान धरून साधारण दहा युनिटं लागतील. म्हणजे चढणीचा निम्म्याहून जास्त खर्च उतारानेच उचलला. स्वित्झर्लंडमध्ये बील शहराजवळच्या खाणीत एक प्रचंड विजेचा डंपर याच तत्त्वावर सिमेंटचा दगड खाली आणतो आणि रिकामा वर जातो.

आपल्याला मात्र त्यासाठी स्वित्झर्लंडपर्यंत जायची गरज नाही, रेल्वे शेजारीच आहे. कसारा ते इगतपुरी चढ 37 मीटरला 1 मीटर असा आहे. गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात ती त्यामुळेच. हा मार्ग 1930 साली विजेवर आला. त्या काळच्या, ‘खेकडा’ म्हणून ओळखल्या गेलेल्या स्विस धाटणीच्या इंजिनांतही उतारावर वीज तारेत परत सोडायची सोय होती. ती वीज मुख्यतः त्याच वेळी चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येई.

रस्त्यावर ती वीज बॅटरी घेते, पण तिच्यात जागा असेल तरच. घोटीला चार्जरवर 100 टक्के भरून कुणी घाटात उतरला, तर भरलेली बॅटरी वीज नाकारेल आणि सगळा भार पुन्हा लायनरवर येईल. घाटाआधी थोडी रिकामी ठेवलेली बॅटरीच इथे शहाणपणाची.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला; त्यावर 7.8 किलोमीटरचा बोगदा आहे. रस्ता बदलला तरी उंचीचा हिशेब बदलत नाही. उतार सौम्य असेल तर मात्र ती ऊर्जा गाडी पुढे नेण्यातच खर्ची पडते, ब्रेक कमी लागतो, आणि तेवढ्यापुरता डिझेल ट्रकही विजेच्या ट्रकच्या बरोबरीला येतो.

या सगळ्याने फार हुरळून जाऊ नये. वाशीच्या जाऊन-येऊन फेरीला 250 ते 300 युनिटं लागतील. घाटाची सहा त्यात दोन-अडीच टक्के. खरा फायदा ब्रेकचा, पैशांचा नंतर. शिवाय वीज येते कुठून? नाशिकजवळ एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात 210 मेगावॉटचे तीन संच कोळशावर चालतात. देशभराचं पाहिलं तर सरासरी एका युनिटमागे 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. या हिशेबाने असा विजेचा ट्रक आणि लीटरला पाच किलोमीटर देणारा डिझेल ट्रक आज जवळपास सारखेच ठरतात. फरक पडतो तो चार्जिंगच्या वेळेने. भाजीची गाडी रात्री धावते आणि दुपारी बाजार समितीच्या आवारात उभी असते, नेमकी ऊन असताना. 50 किलोवॉटचा चार्जर पाच तासांत 250 युनिटं भरतो; ती छतावरच्या सौर पॅनेलची असली तर तुलनाच बदलते. बस आणि टॅक्सींना हे जमत नाही, त्या दिवसा रस्त्यावर असतात.

मग अडतं कुठे? वजनात. 250 युनिटांची बॅटरी पावणेदोन टनांच्या घरात जाते. इंजिन-गिअरबॉक्स गेला तरी निव्वळ दीड टन माल कमी बसतो. वीस किलोचं कॅरेट धरलं तर पंचाहत्तर कॅरेट. भाडं कॅरेटवर ठरतं, तेव्हा गाडीमालक पहिला प्रश्न हाच विचारणार. युरोपीय संघाने अशा ट्रकना 2 टनांपर्यंत जादा वजनाची मुभा दिली आहे. तशी सूट इथे मिळेपर्यंत विजेच्या गाड्यांची सुरुवात मळा ते बाजार समिती अशा तीस-चाळीस किलोमीटरच्या फेऱ्यांवर, लहान बॅटरीच्या पिकअपने करणं जास्त परवडेल.