दिवे बदलले, छत तेच

जुन्या कार्यालयाच्या फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेले एलईडी पॅनेल मोजून पाहिले, तर ते बहुतेकदा ५९५ मिलिमीटर लांब आणि तेवढेच रुंद भरते. हे माप एलईडीने मागितलेले नाही. एलईडीची चिप तांदळाच्या दाण्याहूनही लहान असते आणि ती कुठल्याही आकारात मांडता येते. माप आले ते ६०० मिलिमीटरच्या छताच्या चौकटीवरून आणि त्या चौकटीत पूर्वी बसणाऱ्या ट्यूबलाइटच्या पेटीवरून. मोठ्या इमारतींत आज ट्यूबकडून एलईडीकडे जो बदल चालला आहे, त्याच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात: दर वेळी नवा दिवा आला आणि त्याला जुन्याच्या जागेत बसावे लागले.

फ्लुरोसंट ट्यूब अमेरिकेत १९३८मध्ये विक्रीला आली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी ती झगमगताना पाहिली. साध्या बल्बच्या मानाने ती कमी तापायची आणि उजेड लांब पट्टीत पसरायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्यालयांचे मजले आतपर्यंत पसरत गेले, खिडकीपासून दूर बसणाऱ्यांना दिवसाही दिवा लागू लागला. त्याच सुमारास वातानुकूलन आले. त्याची पत्र्याची नळकांडी, वायरी आणि पाइप झाकायला खाली टांगलेले खोटे छत आले, आणि त्या छतात फरशीच्या जागी फरशीएवढीच दिव्याची पेटी बसू लागली. १९५८मध्ये उभ्या राहिलेल्या न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीत तर प्रकाशयोजनाकार रिचर्ड केली याने खिडक्यांलगतचे छतच उजळवले. रात्री बाहेरून इमारत ओळखू यायची ती या छतांमुळे. पुढे काही फिटिंगमधून खोलीतली हवाही वर ओढून घेतली जाऊ लागली, म्हणजे ट्यूबची उष्णता खाली बसलेल्या माणसांपर्यंत न पोहोचता वरच्या वर जाई. दिवा हा छताचा आणि हवेच्या व्यवस्थेचाही भाग झाला, आणि मग तो सुटा काढणे अवघड होत गेले.

गोल डाउनलाइटची वाट थोडी वेगळी. लॉबी, दुकाने, हॉटेलचे बोळ इथे छतात गोल भोक पाडून डब्यात बल्ब बसवत. नंतर हॅलोजन आला, १९८०च्या दशकात पिनेचा सीएफएल, म्हणजे वळवलेली छोटी ट्यूब, आला. सीएफएलने वीज वाचवली, पण त्याचा उजेड चहूबाजूंना जातो. डब्यात आडवा बसवला की त्यातला मोठा हिस्सा आतच अडकतो. हे ध्यानात ठेवायला हवे, कारण पुढे एलईडीला पहिला शिरकाव मिळाला तो याच कमजोरीमुळे.

१९७३च्या तेलसंकटानंतर विजेचा हिशेब सुरू झाला. तोवरची जाड ट्यूब ३८ मिलिमीटरची होती. तिच्या जागी २६ मिलिमीटरची टी-८ आली. जिथे विजेचा दाब २२० ते २४० व्होल्ट आहे, तिथे ४० वॅटची काढून ३६ वॅटची आणि २० वॅटची काढून १८ वॅटची लावता येई, चोक न बदलता. छत उघडायचे नाही, वायरीला हात लावायचा नाही, नुसती ट्यूब बदलायची. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत बिनबोभाट बदल हाच. दुसरीकडे बॅलास्ट, म्हणजे हा चोकच, इलेक्ट्रॉनिक होत गेला. सेकंदाला वीस हजारांहून अधिक आवर्तने झाल्यामुळे लुकलुक आणि घूंऽऽ आवाज दोन्ही गेले. १९९०च्या दशकात १६ मिलिमीटरची टी-५ आली. तिची लांबी मुद्दाम ११४९ मिलिमीटर ठेवली होती, होल्डर धरूनही ती छताच्या १२०० मिलिमीटरच्या चौकटीत मावावी म्हणून. इथे मापाच्या बाबतीत दिव्यानेच छतापुढे मान तुकवली.

मध्येच संगणक आले. काचेच्या फुगीर पडद्यावर छतातल्या ट्यूबचे प्रतिबिंब पडायचे, म्हणून फिटिंगला चकचकीत खोल जाळ्या लावून उजेड सरळ खाली वळवला गेला. टेबल उजळले, पण भिंतींचा वरचा भाग काळवंडला आणि खोली गुहेसारखी दिसू लागली. पडदे सपाट आणि बिनचकाकीचे झाल्यावर कारण संपले, तरी त्या जाळ्या कितीतरी ठिकाणी वर्षानुवर्षे तशाच राहिल्या.

निक होलोनियाकने दृश्य प्रकाशाचा लाल एलईडी १९६२मध्ये दाखवला होता. छतातल्या पांढऱ्या उजेडासाठी मात्र निळा एलईडी लागत होता. तो पुरेसा तेजस्वी १९९३मध्ये झाला आणि त्यावर फॉस्फर, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळा देणारा थर, चढवून पांढरा एलईडी १९९६मध्ये बाजारात आला. २००७मध्ये अमेरिकेत एलआर-६ नावाचा डाउनलाइट आला. सुमारे १२ वॅटमध्ये ६५० लुमेन (उजेडाचे एकक) देणारा आणि जुन्याच डब्यात बसणारा. एलईडीचा उजेड मुळातच एका दिशेला जातो, त्यामुळे डब्यात वाया जाणारा हिस्सा कमी झाला. लांब ट्यूबची गोष्ट निराळी होती. ती चांगल्या बॅलास्टवर वॅटमागे ८० ते १०० लुमेन देत होती आणि एवढ्या तगड्या स्पर्धकाला हरवायला एलईडीला आणखी काही वर्षे लागली.

त्या काही वर्षांतच बाजार घाईला आला. ट्यूबच्याच आकाराची एलईडी पट्टी विकली जाऊ लागली: जुनी काढा, नवी लावा. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने बाजारातून विकत घेऊन तपासलेल्या सुरुवातीच्या कित्येक पट्ट्या ट्यूबपेक्षा बराच कमी उजेड देत होत्या. शिवाय फिटिंगचा रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परतवणारा पत्रा, चहूबाजूंनी उजेड देणाऱ्या ट्यूबसाठी घडवलेला. एलईडीची पट्टी फक्त खालीच उजेड टाकते, त्यामुळे तो निरुपयोगी ठरे आणि उजेडाचा पसारा बदले. वायरिंगचे तीन मार्ग निघाले. पहिल्यात जुना बॅलास्ट राहतो. काम सोपे, पण बॅलास्ट वीज खात राहतो आणि तो गेला की पट्टीही बंद. दुसऱ्यात बॅलास्ट काढून मुख्य वीज थेट होल्डरला जोडतात. यात बॅलास्टची कटकट जाते, पण होल्डरमध्ये पूर्ण दाब येतो. उद्या कोणी अनभिज्ञ वायरमनने तिथे जुनी ट्यूब लावली किंवा चुकीच्या पद्धतीची पट्टी एका टोकाने बसवली, तर धोका आहे. म्हणून फिटिंगवर ठळक सूचना चिकटवणे अत्यावश्यक, आणि नेमके तेच घाईत राहून जाते. तिसऱ्यात एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा वेगळा ड्रायव्हर येतो. तो सर्वांत नीटनेटका, पण वेळखाऊही.

पूर्ण फिटिंग बदलणे सोपे दिसते, पण जुन्या इमारतीत छत उघडायला कंत्राटदार बिचकतो. वर ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची फुफ्फुसांना घातक धूळ उडवणे परवडणारे नसते. म्हणून पेटी जागेवर ठेवून आतला भाग खालूनच बदलणारे संच लोकप्रिय झाले.

उष्णतेचा प्रश्नही उलटा झाला. साध्या बल्बची बरीचशी उष्णता उजेडाबरोबर खाली येते. एलईडीच्या झोतात उष्णता जवळपास नसते, ती मागच्या धातूतून वरच्या पोकळीत जाते. जिथे हवा खेळत नाही अशा बंद डब्यात बसवलेला संच आतून तापतो, आणि बहुतेकदा एलईडीआधी ड्रायव्हरमधला कपॅसिटर दगावतो. खोक्यावर लिहिलेले ५०,००० तास सहसा एलईडीचे असतात, ड्रायव्हरचे नव्हे. तेही उजेड सुरुवातीच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे.

चौकोनी पॅनेल आले तेव्हा त्यांनी १८ वॅटच्या चार ट्यूबची पेटी हटवली. चोकसकट ती ८५ ते ९० वॅट खायची. पॅनेल ४० वॅटच्या आसपास असे, आज त्याहून बरेच कमी. सुरुवातीच्या काही पातळ पॅनेलमध्ये कडेला एलईडी आणि मध्ये प्लास्टिकचा पत्रा असे. स्वस्त पत्रा काही वर्षांत पिवळा पडे.

नियमांनी शेवटचा धक्का दिला तो ट्यूबमधल्या पाऱ्यापायी. युरोपीय संघाने २०२३मध्ये आधी पिनेचे सीएफएल, मग टी-५ आणि टी-८ ट्यूब बाजारात आणण्यावर बंदी घातली. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनीही त्याच वर्षी ट्यूबचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७अखेर थांबवायचे ठरवले. म्हणजे बदल न केलेल्या छतांसाठी आता सुटी ट्यूबही मिळेनाशी होईल.

दशकभरापूर्वी बसवलेली पॅनेल आता मंदावू लागली आहेत. ट्यूब गेली की ट्यूब बदलत असत; बंद पॅनेलमध्ये ड्रायव्हर बिघडला की अनेकदा सगळेच उतरवावे लागते. झागा नावाचा उत्पादकांचा गट २०१०पासून भाग एकमेकांना जुळावेत म्हणून मापे ठरवत आहे, आणि युरोपात सप्टेंबर २०२१पासून लागू झालेला नियम म्हणतो की प्रकाशस्रोत आणि ड्रायव्हर काढून बदलता आला पाहिजे, काही अपवाद वगळता. एलईडीच्या जागी एलईडी बसवण्याची ही फेरी सुरू झाली आहे, आणि नव्या पॅनेलच्या पत्रकावरचे माप अजूनही ५९५ बाय ५९५ आहे.