माणसामाणसातले जनुकीय फरक आणि आजाराचे फरक शोधायच्या टेस्ट

जनुकीय फरक म्हणजे एका माणसाच्या आणि दुसऱ्याच्या डीएनएत जे वेगळं असतं ते. डीएनए ही ए, टी, सी, जी या चार अक्षरांची लांबच लांब माळ, साधारण ३०० कोटी अक्षरांची, आणि प्रत्येकाकडं असल्या दोन, एक आईकडची एक बापाकडची. कुठलीबी दोन माणसं घ्या, ९९.९ टक्के मजकूर सारखाच. तरी '१००० जीनोम' प्रकल्पात २५०४ माणसांचा डीएनए वाचला तेव्हा २०१५ ला दिसलं की प्रमाण धरलेल्या जीनोमशी (जीनोम म्हणजे अख्खा डीएनए) ताडून बघितलं तर प्रत्येकात ४० ते ५० लाख ठिकाणी फरक आहेतच. त्यातले बहुतेक निरुपद्रवी, त्यामुळं फरक सापडला म्हणजे दोष सापडला असं अजिबात नाही.

कधी मात्र एक अक्षर पुरतं. सिकल सेल या रक्ताच्या आजारात ११ व्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जीनमध्ये (जीन म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं ते सांगणारा डीएनएचा तुकडा) जीएजी च्या जागी जीटीजी होतं, बास, एवढ्यावर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. कधी जीनचा तुकडाच गायब असतो, डुशेन स्नायूविकारात बहुतेक वेळा असंच, कधी तीच तीन अक्षरं शेकडो वेळा परत परत येतात (फ्रॅजाइल एक्स या मतिमंदत्वाच्या आजारात), आणि डाउन सिंड्रोममध्ये २१ वं अख्खं गुणसूत्रच एक जास्त, ते १९५९ ला कळलं.

बऱ्याच आजारांत दोन्ही माळांत तोच जीन बिघडला तरच आजार होतो. एकाच माळेत बिघडला तर माणूस वाहक, म्हणजे कॅरिअर, आणि तो ठणठणीत असतो. दोघं नवरा-बायको एकाच आजाराचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के, पहिलं बाळ आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली असा हिशोब नसतो.

कोल्हापूर भागात हा मुद्दा जास्त महत्त्वाचा, कारण आपल्याकडं मामाची पोरगी करायची रीत अजून आहे. ओपीडीत डॉक्टर विचारतात, "लग्न रक्ताच्या नात्यातलं काय?" बाई म्हणते, "न्हाई". डॉक्टर वंशावळ काढायला घेतात, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि सासूच्या गोलाशी आल्यावर बाई सहज म्हणते, "ही माझी सख्खी आत्तीच की." मग नवरा-बायकोमधली रेघ दुहेरी करायला लागते, रक्ताच्या नात्यातलं लग्न दाखवायची ती खूण. बाई खोटं बोललेली नसते. आपल्या डोक्यात रक्ताचं नातं म्हणजे भावकी, एक कुळ, आणि मामा-आत्याचं घर म्हणजे पावणं. डीएनएला कूळ कळत नाही, आते-मामे भावंडांचा सरासरी आठवा हिस्सा डीएनए एकाच आजा-आजीकडनं आलेला असतो, म्हणून त्यात दडलेला तोच बिघाड दोघांत असायची शक्यता वाढते. जन्मजात आजाराचा धोका इतरांत २-३ टक्के धरला तर अशा जोडप्यात ४-६ टक्के धरतात, म्हणजे बहुतेक पोरं चांगलीच होतात, पण दुप्पट ते दुप्पटच. 'आमच्यात पिढ्यान् पिढ्या चालतंय' म्हणून हे उडवून लावू नये असं मला मनापासून वाटतं.

थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा रक्ताचा आजार) वाहक शोधायला तर डीएनएपर्यंत जायलाच लागत नाही. जांभळ्या टोपणाच्या बाटलीत दोन-तीन मिली रक्त, आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मग एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणं). तांबड्या पेशी बारीक आणि एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन-चार टक्क्यांच्या वर असलं की वाहक समजतात. घोळ असा की वाहकाचं हिमोग्लोबिन थोडं कमी असतं, ते बघून लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहतात आणि एचपीएलसी कुणी सांगतच नाही. वर लोह खरंच कमी असेल तर एचबीए२ खाली दिसू शकतं, म्हणून दोन्ही बघायचं.

डीएनएच्या टेस्टमध्ये कुठला प्रश्न विचारायचाय त्यावर टेस्ट ठरते. गुणसूत्रं मोजायची तर कॅरिओटाइप. घरातला बदल आधीच माहीत असेल तर पीसीआर (डीएनएचा तेवढाच तुकडा वाढवून बघणं) किंवा सँगर (तो तुकडा अक्षर-अक्षर वाचायची १९७७ ची पद्धत, अजून खात्रीची मानतात). तुकडा गायब आहे का बघायचं तर एमएलपीए किंवा मायक्रोअॅरे. काहीच अंदाज नसला तर एक्झोम, त्यात प्रथिनं बनवणारा १-२ टक्के भाग वाचतात, ओळखीचे बहुतेक बिघाड तिथंच असतात म्हणून. पण फ्रॅजाइल एक्ससारखी वाढलेली आवर्तनं एक्झोमला दिसत नाहीत, तुकडे गायब असलेलेही निसटू शकतात, त्यामुळं 'एक्झोम नॉर्मल' वाचून सगळं क्लिअर समजू नका, कुठली टेस्ट झाली ते आधी वाचा.

रिपोर्टमध्ये बदलाची प्रतवारी असते, पाच पायऱ्यांची, एका टोकाला निरुपद्रवी, दुसऱ्या टोकाला आजार करणारा. मधली पायरी व्हीयूएस, म्हणजे अर्थ अजून ठरलेला नाही. त्यावर गर्भपातासारखा निर्णय घेत नाहीत. आपल्याकडं व्हीयूएस जास्त निघायचं एक कारण म्हणजे जगातला डेटा जास्त करून युरोपीय वंशाच्या लोकांचा, आपल्यात सर्रास असणारा साधा फरकसुद्धा तिथं दुर्मिळ दिसतो. जीनोम इंडिया प्रकल्पानं सुमारे १०,००० भारतीयांचे जीनोम वाचलेत, २०२५ च्या जानेवारीत तो डेटा संशोधकांना खुला झाला. त्यामुळं जुना व्हीयूएस रिपोर्ट फायलीत जपून ठेवावा, वर्ष-दोन वर्षांनी जेनेटिक काउन्सेलरकडं परत दाखवावा, आणि जमलं तर आई-बापाचंही रक्त द्यावं, कारण तोच बदल ठणठणीत बापात निघाला तर बऱ्याचदा अर्थ लागायला मदत होते.