चलनघसरण आणि सोने-चांदी (ठाणे–नवी मुंबई)

रुपयाची किंमत उतरत जाते म्हणून बचतीचा काही भाग सोन्या-चांदीत ठेवण्याचा प्रघात. ठाण्यात त्याला वेगळे नाव नाही. 'थोडं सोनं करून ठेवलंय' एवढेच म्हणतात. त्यात बांगड्या, वेढणी, नाणे, हल्ली ईटीएफसुद्धा (शेअर बाजारात घेता-विकता येणारे कागदी सोने) येतो. गुढीपाडव्याला कौपिनेश्वर मंदिरापासून निघणारी स्वागतयात्रा पांगली की गोखले रोड आणि राम मारुती रोडवरच्या सराफी पेढ्यांत उभे राहायला जागा उरत नाही. त्या गर्दीतले निम्मे लोक मुहूर्तासाठी आलेले असतात, पण रुपयावरचा अविश्वासही त्यांच्यासोबत रांगेत असतोच.

भारत आपले जवळजवळ सगळे सोने आयात करतो. जागतिक भाव डॉलरमध्ये, 31.1035 ग्रॅमच्या ट्रॉय औंसाला ठरतो. त्याला डॉलरच्या दराने गुणायचे आणि वर आयात शुल्क चढवायचे, की जांभळी नाक्यावरच्या पाटीवरचा भाव निघतो. म्हणून जगात सोने जागच्या जागी असले तरी रुपया घसरला की इथे ते महागते. सप्टेंबर 2011 मध्ये औंसाला 1,900 डॉलरच्या आसपास गेलेले सोने डिसेंबर 2015 मध्ये 1,050 पर्यंत, म्हणजे जवळपास 45 टक्क्यांनी पडले. त्याच काळात डॉलर पन्नाशीच्या आतून 66 रुपयांच्या पुढे गेला आणि आयात शुल्क 10 टक्क्यांवर पोचले. इथला 10 ग्रॅमचा भाव मात्र साधारण 28 हजारांवरून 25 हजारांवरच थांबला. पडझड बेताची झाली, हे खरे. पण चार वर्षे पैसा अडकला आणि व्याज शून्य, हेही तितकेच खरे.

6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर 4.76 रुपयांवरून 7.50 झाला. तेव्हा सामान्य माणसाला सोन्याकडे वळणेही सोपे नव्हते: 1963 पासून नवे दागिने 14 कॅरटचेच घडवायचे असा नियम आला होता, आणि 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 पर्यंत टिकला. पुढच्याच वर्षी, जुलै 1991 मध्ये, रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले आणि रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवले. लोकांनी सोने साठवू नये म्हणून तीन दशके झटलेल्या सरकारलाही अडीनडीला सोन्यानेच हात दिला.

या गुंतवणुकीतली खरी गळती काउंटरवर होते. 100 रुपयांच्या सोन्यावर 12 टक्के घडणावळ धरली तर 112, त्यावर 3 टक्के जीएसटी, म्हणजे 115 रुपये 36 पैसे. तोच दागिना उद्या मोडीत दिला तर हाती येतो फक्त सोन्याचा भाव. खडे आणि लाख वजा होतात ते वेगळेच. भाव 15 टक्क्यांहून जास्त चढेपर्यंत ही खरेदी तोट्यातच असते. जाणत्या घरांत म्हणून गुरुपुष्याला वेढणी घेतात: चोख सोन्याच्या तारेचे साधे वळे, ना नक्षी ना खडा, घडणावळ नावापुरती. दागिना घालायचाच असेल तर तो जरूर घ्यावा, पण त्याला गुंतवणूक म्हणू नये.

ऐरोली-महापेच्या नोकरदारांत 2007 पासूनचे गोल्ड ईटीएफ रुळले आहेत. सार्वभौम सुवर्णरोखे, म्हणजे सोन्याच्या भावाशी बांधलेले सरकारी रोखे, अडीच ते पावणेतीन टक्के व्याजामुळे लोकप्रिय झाले होते. नोव्हेंबर 2015 मध्ये ग्रॅमला 2,684 रुपयांनी निघालेल्या पहिल्या मालिकेचे आठ वर्षांनी 6,132 रुपये मिळाले. फेब्रुवारी 2024 नंतर मात्र नवे रोखे निघालेले नाहीत.

चांदीची कथा उलटी आहे, कारण एकेकाळी रुपयाच चांदीचा होता. तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि 1835 च्या रुपयाचे वजन तेवढेच. 1870 नंतर जगात चांदी कोसळली, तसा रुपयाही तिच्याबरोबर खाली गेला. 1893 मध्ये सरकारने खासगी चांदीची नाणी पाडून देणे थांबवले. दुसऱ्या महायुद्धात नाण्यातली चांदी निम्म्यावर आली आणि 1947 मध्ये निकेलचा रुपया निघाला. नौपाड्यातल्या जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात अजून राणीछाप रुपये मांडतात. त्यांवर 'वन रुपी' कोरलेले आहे. सोनार ते वजनावर घेतो.