विरुद्ध संख्या आणि बेरीज व्यस्त: एकच की दोन?

७ ची विरुद्ध संख्या −७. ७ चा बेरीज व्यस्तही −७. मग दोन नावं कशाला? मुलं हे विचारतात आणि त्यांचं काही चुकत नाही. नेहमीच्या संख्यांपुरतं उत्तर दरवेळी एकच येतं. वेगळा आहे तो प्रश्न.

विरुद्ध संख्या संख्यारेषेवर शोधायची. ७ शून्याच्या उजवीकडे सात एकक, −७ डावीकडे तितकीच लांब. बेरीज व्यस्ताला रेषा लागत नाही. दिलेल्या संख्येत काय मिळवलं की ० उरतो, एवढंच पाहायचं. ब्रह्मगुप्तानं इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त नियम सांगितला तो या दुसऱ्या अंगानं: धन आणि ऋण सारखेच असतील, तर त्यांची बेरीज शून्य.

घोटाळा या दोघांत होत नाही, होतो तो ‘चिन्ह बदला’ या तिसऱ्याच शॉर्टकटमुळे. क्ष − ३ चा बेरीज व्यस्त विचारा. वर्गात निम्मे हात तरी ‘क्ष + ३’ म्हणून वर होतील. मधलं चिन्ह बदललं की झालं! बेरीज करून बघा: २क्ष येते, शून्य नाही. बदलायची दोन्ही पदांची चिन्हं, म्हणजे उत्तर ३ − क्ष. तसंच −अ दिसलं की ती संख्या ऋणच, हाही एक पक्का गैरसमज. अ ची किंमत −४ असेल तर −अ म्हणजे सरळ ४.

गुणाकार व्यस्ताचं प्रकरण निराळं. तिथे गुणाकार १ यायला हवा, म्हणून अंश-छेद उलटतात, चिन्ह जागचं हलत नाही: −२/३ चा गुणाकार व्यस्त −३/२, बेरीज व्यस्त मात्र २/३. शून्याला गुणाकार व्यस्त नाहीच. त्याचा बेरीज व्यस्त तो स्वतःच.

आता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. तिथे १२ म्हणजेच ०, आणि ऋण आकडा एकही नाही. चिन्ह बदलणार कशाचं? तरी ८ ला बेरीज व्यस्त आहे. डोळ्यांना वाटतं तो २, कारण तबकडीवर ८ च्या बरोब्बर समोर २ आहे. पण ८ वाजल्यानंतर दोन तासांनी १० वाजतात. १२ वाजायला चार तास लागतात. म्हणजे बेरीज व्यस्त ४. आणि गंमत अशी, की विरुद्ध संख्येची व्याख्याही इथे टिकते: १२ पासून ४ एका बाजूला चार घरं, ८ दुसऱ्या बाजूला चार घरं. अंतर शून्यापासून मोजायचं, समोरासमोर नाही. ६ वर तर दोन्ही बाजूंनी सहा घरं चाललं की पोचतो, त्यामुळे घड्याळात ६ चा बेरीज व्यस्त ६ च.