अस्वलाचं मटण, अस्वलाचं नख : पूर्व ग्रीनलंडला निघण्यापूर्वी वाचा

बुकिंग झालं की पहिला फोन थंडीच्या कपड्यांसाठी येतो आणि दुसरा हमखास ध्रुवीय अस्वलासाठी. "शिकार बघायला मिळेल का हो? मटण कसं लागतं?" सांगून सांगून घसा बसला, म्हणून हा कागद.

शिकार आम्ही दाखवत नाही. पूर्व ग्रीनलंडमधल्या तासिलाक शहराकडच्या गावांत ती पोटापाण्यासाठी होते. पूर्णवेळ शिकारीवर जगणाऱ्या परवानाधारकालाच मुभा, तीही २००६ पासून ठरलेल्या कोट्यात. पिल्लांना आणि पिल्लंवाल्या मादीला मारायचं नाही. पाहुण्याला पैसे मोजून बंदूक मिळत नाही. कुणी एजंट मिळते म्हणाला, तर त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

मटण एखाद्या घरी वाडग्यात आलंच, तर खायचं की नाही ही तुमची मर्जी. मोठे तुकडे मिठाच्या पाण्यात बराच वेळ रटरटू देतात, वाटण-मसाला काही नाही. पण इतकं शिजवण्याला कारण आहे. या मांसात ट्रिकिनेला नावाचा जंत असू शकतो आणि आर्क्टिकमधली त्याची जात गोठवूनही मरत नाही. तेव्हा "फ्रीजरमधलंच आहे" यावर जाऊ नका. आतून लाल दिसलं तर वाडगा खाली ठेवा. यकृत, म्हणजे कलेजी, तर मागूच नका, तिथली माणसंही खात नाहीत. त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की विषबाधा होते. १५९७ मध्ये रशियाच्या उत्तरेकडच्या नोवाया झेम्ल्या बेटावर अडकलेल्या डच खलाशांनी ते खाल्लं आणि तिघांची कातडी डोक्यापासून पायापर्यंत सोलून निघाली.

आमचा वेळ खातं ते मात्र नख. अस्वलाच्या वस्तू ग्रीनलंडबाहेर न्यायला २००८ पासून परवाना मिळत नाही. नख, दात, कातड्याचा तुकडा, सगळं त्यात आलं. "एवढंसं तर आहे" म्हणत एका काकांनी नख लोकरीच्या मोज्यात गुंडाळलं होतं. स्कॅनरवर ते दिसलंच. आमची चौदा माणसं तीन तास बाकावर बसून राहिली आणि पुढचं विमान गेलं.

तेव्हापासून निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळी खरेदी टेबलावर मांडायला सांगतो. काहींना ते झडती घेतल्यासारखं वाटतं. वाटू दे. त्यानंतर एकाही तुकडीचं विमान चुकलेलं नाही.

आठवण हवीच, तर रेनडिअरच्या शिंगात कोरलेला तुपिलाक, म्हणजे तिथल्या भुताखेताची छोटी मूर्ती, घ्या. आमचा तिथला वाटाड्या कारागिराच्या घरीच नेतो, पावतीसुद्धा मिळते. शाकाहारी मंडळींनी निर्धास्त यावं, आपला आचारी बरोबर असतो आणि पिठलं-भात रोज होतो. फक्त बुकिंगच्या फॉर्मवर तसं लिहा, विमानात बसल्यावर सांगू नका.