कापडावर खडा टिकतो कशामुळे?

हॉटफिक्स खडा, म्हणजे उष्णता देऊन कापडावर चिकटवायचा काचेचा सजावटी खडा, उलटा करून पाहा. पाठीवर डिंकाचा पातळ थर असतो, बोटाला अजिबात न चिकटणारा. हा डिंक म्हणजे उष्णतेने वितळणारं प्लास्टिक, बहुधा पॉलिअमाइड. साधारण १२० ते १७० अंश सेल्सिअसला तो पातळ होतो, धाग्यांच्या फटींत शिरतो आणि सांडलेल्या मेणासारखा तिथेच थिजतो. खड्याची पकड मुख्यतः या शिरकावावर अवलंबून असते.

अडचण काचेची आहे. काच उष्णतेची मंद वाहक, त्यामुळे वरून इस्त्री ठेवली की खडा तापतो, पण डिंकापर्यंत उष्णता उशिरा पोचते. धातूच्या टिकल्या म्हणूनच लवकर बसतात आणि जाड खड्यांना वेळ लागतो. अशा वेळी तापमान वाढवण्यापेक्षा दाब काही सेकंद जास्त वेळ द्यावा, असं माझं ठाम मत आहे. कापड पातळ असेल तर उलट्या बाजूने उष्णता देणं आणखी चांगलं, कारण मधे काच येतच नाही.

सुती कापड या कामाला सर्वात सोयीचं. ते उष्णता सोसतं आणि त्याच्या खरबरीत धाग्यांत डिंकाला भरपूर जागा मिळते. पॉलिएस्टर सुमारे २६० अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडून त्यावर चकाकणारा डाग उठतो. शिवाय त्याचे काही रंग तापल्यावर थेट वायुरूप होऊन शेजारच्या फिक्या भागात उतरतात. कपड्याच्या आतल्या शिवणीवर एक खडा आधी लावून पाहावा तो यासाठीच. नायलॉनच्या एका प्रचलित प्रकाराचा वितळणबिंदू २२० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे चुकायला वाव आणखी कमी. रेशीम आणि लोकर प्रथिनांची बनलेली असतात. ती वितळत नाहीत, करपतात.

मखमलीचा प्रश्न वेगळाच. तिथे डिंक लवेच्या टोकांनाच धरतो, खालच्या विणीपर्यंत जात नाही, आणि हीट प्रेसखाली, म्हणजे तापलेल्या सपाट पत्र्याने कापड दाबणाऱ्या यंत्राखाली, सगळी लव चेपते ती वेगळीच. एकेक खडा लावायच्या तापत्या टोकाच्या पेनने तेवढीच लव दाबली जाते. ताणल्या जाणाऱ्या कापडावर लहान खडे निवडावेत: कापड ताणतं, काच ताणत नाही, आणि पाया जितका रुंद तितका कडेच्या डिंकावर ताण जास्त. पाणी न धरणाऱ्या कापडावरचा सिलिकॉनचा किंवा फ्लोरिनयुक्त लेप मात्र वितळलेल्या डिंकालाही पसरू देत नाही. तिथे उष्णतेचा नाद सोडावा.

सुटलेला खडा बरंच काही सांगतो. सगळा डिंक त्याच्या पाठीला राहिला असेल, तर तो कापडात शिरलाच नव्हता: उष्णता, वेळ किंवा दाब कमी पडला, किंवा कापडावर लेप होता. डिंक कापडावर राहून नुसती काच निघाली असेल, तर जोड काचेच्या बाजूने तुटला.

खडे लावल्यावर कापड पूर्ण थंड होईपर्यंत हलवू नये. नंतर कपडा उलटा करून थंड पाण्यात धुवावा. ड्रायक्लीनिंगची काही द्रावकं हा डिंक मऊ करतात, तेव्हा तिथे देण्याआधी विचारून घ्यावं.