मॅगझिन काढलेलं पिस्तूल आणि रिकामं पिस्तूल

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचं मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, असं वाटणं साहजिक आहे. गोळ्या भरतात त्या मॅगझिनमध्येच ना! पण त्याआधी कुणी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, ओढून सोडली असेल, तर एक गोळी मॅगझिनमधून निघून नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये जाऊन बसलेली असते. मग मॅगझिन खिशात घातलं काय नि टेबलावर ठेवलं काय, ती गोळी तिथेच. ब्राउनिंग हाय-पॉवरसारख्या काही पिस्तुलांत मॅगझिन नसताना ट्रिगर दाबूनही गोळी सुटत नाही. ग्लॉकमध्ये ही सोय नाही; उलट साफसफाईसाठी ते सुटं करायचं तर आधी ट्रिगर दाबावाच लागतो.

१९ जानेवारी २०१३ला अमेरिकेत ओहायोमधल्या मदायनाच्या गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीत, नेमकं हेच नडलं. एक विक्रेता नुकतंच विकत घेतलेलं पिस्तूल बघत होता. मॅगझिन काढलेलं होतं. चेंबरमधली गोळी सुटली आणि त्याच्या मित्राला लागली.

रिकामं करायचं तर क्रम पाळावा लागतो: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे. क्रम उलटला की खरी फसगत. स्लाइड ओढली, चेंबरमधली गोळी टुणकन बाहेर उडाली. पण स्लाइड पुढे येता येता मॅगझिनमधली वरची गोळी आत ढकलून गेली. त्यानंतर मॅगझिन काढलं. आता हातात मॅगझिन आहे, टेबलावर बाहेर आलेली गोळी दिसते आहे, आणि पिस्तूल भरलेलंच आहे! म्हणून जाणकार स्लाइड मागे अडकवून ठेवतात, आत डोकावतात आणि वर करंगळीनेही चेंबर चाचपतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, हा अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांचा पहिला नियम त्यापुढेही लागू राहतोच.

गन शोच्या दारावर बंदुका तपासून त्यांच्या यंत्रणेतून प्लास्टिकचा टाय ओवतात, तो याचसाठी. अर्थात दारापर्यंत बंदूक भरलेली येते की रिकामी, हा प्रश्न उरतो. त्याच दिवशी नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरातल्या गन शोमध्ये दारावर तपासणीसाठी बंदुकीची पेटी उघडतानाच शॉटगन उडाली आणि तिघांना छर्रे लागले. इंडियानापोलिसमध्ये तर शो पाहून बाहेर पडलेल्या एकाने आपलं .४५चं पिस्तूल पुन्हा भरताना स्वतःच्याच हाताला गोळी मारून घेतली.